‘लिसा’चे श्रेय ‘मॅकिंटॉश’ला नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील संगणकाच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण माउस, पडद्यावर खिडक्या आणि मेनू असलेला ॲपलचा पहिला संगणक म्हणजे १९८४ चा मॅकिंटॉश, हे त्यातले विधान चुकीचे आहे. तो मान ‘लिसा’चा. ॲपलनेच तो १९ जानेवारी १९८३ रोजी, मॅकिंटॉशच्या वर्षभर आधी, जाहीर केला होता. लेखात त्याची ‘फसलेला संगणक’ म्हणून एका ओळीत बोळवण झाली, याचे वाईट वाटले.

लिसा फसला हे खरेच आहे. किंमत ९,९९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने आपले सुमारे एक लाख रुपये. त्याच वर्षी आयबीएमचा हार्ड डिस्क असलेला एक्सटी निम्म्या किमतीत मिळू लागला होता. लिसाचा ५ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर एवढ्या अवजड सॉफ्टवेअरपुढे रेंगाळत असे. ॲपलने स्वतः बनवलेले ‘ट्विगी’ फ्लॉपी ड्राइव्ह भरवशाचे नव्हते. पुढच्या मॉडेलमध्ये ते काढून सोनीचा साडेतीन इंची ड्राइव्ह बसवावा लागला. त्यात १९८४ मध्ये घरचाच मॅकिंटॉश २,४९५ डॉलरला आला. १९८५ मध्ये लिसा बंद झाला.

पण त्यासाठी झालेले काम वाया गेले नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. १९७९ च्या अखेरीस ॲपलच्या मंडळींनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘अल्टो’ संगणक पाहिला. त्यांच्यात प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन होते. एका खिडकीखाली अर्धवट झाकलेल्या दुसऱ्या खिडकीतला दिसणारा भागही तिथे आपोआप रंगवला जातो, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात अल्टोला ते जमत नव्हते. पण जमते अशा विश्वासाने ॲटकिन्सन कामाला लागले आणि वेड्यावाकड्या आकाराचे क्षेत्र वेगाने हाताळण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. तीच लिसाच्या पडद्यावर सारे काही रेखाटणाऱ्या ‘क्विकड्रॉ’ या सॉफ्टवेअरचा गाभा ठरली. पुढे क्विकड्रॉ मॅकिंटॉशच्या ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मेमरीत, गेले. लिसाच्या व्यवस्थापकांनी प्रत्येकाकडून आठवड्याला किती ओळींचा कोड लिहिला याचा हिशेब मागायला सुरुवात केली, तेव्हा ॲटकिन्सन यांनी क्विकड्रॉचा गाभा नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान आणि आटोपशीर केला होता. त्यांनी फॉर्मवर आकडा टाकला: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो फॉर्म मागणेच बंद झाले. आजही ओळी मोजून प्रोग्रॅमरची किंमत ठरवणाऱ्या प्रत्येक साहेबाला ही गोष्ट सांगितली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे लॅरी टेस्लर. कट, कॉपी, पेस्ट ज्यांच्यामुळे रुळले, ते हेच. १९८० मध्ये झेरॉक्स सोडून ते ॲपलमध्ये आले आणि कधी संगणक न हाताळलेल्या माणसांना लिसासमोर बसवून, ती कुठे अडखळतात हे पाहून, त्यांनी दुरुस्त्या करून घेतल्या.

मॅकिंटॉशसाठी सुरुवातीचे प्रोग्रॅम लिहायचे, तर त्यासाठीही लिसाच लागत असे! एक प्रोग्रॅम कोसळला तरी दुसऱ्याच्या मेमरीला धक्का लागू नये ही लिसातली सोय मॅकवर आली ती थेट २००१ मध्ये, मॅक ओएस एक्सबरोबर. अर्थात लिसालाही सर्वांत पहिला म्हणता येणार नाही. झेरॉक्सचा ‘स्टार’ १९८१ मध्येच बाजारात आला होता. तो तर लिसापेक्षाही महाग होता.

न विकले गेलेले सुमारे २,७०० लिसा १९८९ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या लोगान येथे कचराभूमीत पुरले गेले. सुदैवाने कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने जानेवारी २०२३ मध्ये लिसाच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्यातला बराचसा पास्कलमध्ये आहे. आपल्याकडच्या एका पिढीने कॉलेजात हीच भाषा गिरवली आहे. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी तो विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.

टेस्लर २०२० मध्ये गेले, ॲटकिन्सन जून २०२५ मध्ये. आपल्या पुरवणीत या दोघांवर स्वतंत्र लेख यावा आणि मूळ लेखातील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली