ते घर कर्झनने नाही, वेलस्लीने बांधलं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या महालांवर पानभर लेख होता, तर्री पोहे खात खात वाचत होतो आणि एका वाक्यापाशी चमचा हातातच राहिला. लिहिलंय काय, तर लॉर्ड कर्झनला गावाकडच्या घराची एवढी आठवण यायची की त्याने कलकत्त्यात हुबेहूब तसंच घर बांधून घेतलं, आज तिथे राज्यपाल राहतात. साहेब, हे साफ उलटं आहे. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, बिल्डिंगचा बाप चुकीचा सांगितला की मला राहवत नाही. नातू म्हणाला आबा एवढे काहून चिडता, म्हटलं थांब, पत्रच लिहितो.

ते मूळ घर म्हणजे केडलस्टन हॉल, इंग्लंडच्या डर्बीशायरात. सर नथॅनिएल कर्झन म्हणून मोठा जमीनदार होता, लॉर्ड कर्झनचा पूर्वज, त्याने १७५९ च्या सुमारास बापजाद्यांचं विटांचं घर पाडून हे काढलं. भोवती मोकळं दिसावं म्हणून अख्खं केडलस्टन गाव उचलून दुसरीकडे बसवलं, जागेवर राहिलं ते फक्त चर्च. आपल्याकडे धरणासाठी गावं उठतात, तिथे नजाऱ्यासाठी उठलं! आर्किटेक्टही तीन झाले, आधी ब्रेटिंगहॅम, मग पेन, आणि शेवटी रॉबर्ट ॲडम, तिशी नुकतीच ओलांडलेला, इटलीत राहून रोमन अवशेषांची मापं घेऊन आलेला पोरगा, त्याने दोघांनाही मागे टाकलं.

तुमच्या लेखात निओक्लासिकल हा शब्द पाच वेळा आलाय पण म्हणजे काय ते कुठेच नाही. म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन इमारतींच्या धर्तीवरचं बांधकाम, याच घरावरून सांगतो. उत्तरेकडून बघाल तर उंच खांब, वर त्रिकोणी माथा, देवळासारखं गंभीर तोंड. मागे दक्षिणेकडे जा, तिथे ॲडमने रोमच्या कॉन्स्टंटाइनच्या विजय-कमानीचाच नमुना घेतलाय, म्हणजे एका घराला दोन एलिव्हेशन, दोन दर्शनी बाजू, आणि दोन्हीचा स्वभाव वेगळा. आत शिरलं की मार्बल हॉल, त्यात २५ फुटी २० खांब, आणि नाव मार्बल असलं तरी खांब अलाबास्टरचे आहेत, संगमरवरासारखाच दिसणारा पण मऊ दगड, गुलाबी शिरांचा, नॉटिंगहॅमशायरातून आणलेला. ते खांब आधी गुळगुळीत होते, उभे करून झाल्यावर मग जागच्या जागी त्यांच्यावर उभ्या खाचा पाडल्या. परांची बांधून एवढ्या उंचीवर मऊ दगडात सरळ रेघ काढायची म्हणजे काय ते ज्याने कारागिरांसोबत साईटवर दिवस काढलेत त्यालाच कळेल. हॉलला उजेड वरून, छतातून. त्याच्या मागे गोल दिवाणखाना, रोमच्या पॅन्थिऑन या जुन्या देवळासारखा, घुमटापर्यंत ६२ फूट.

आता कलकत्ता. १७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला आणि कंपनीची जुनी जागा त्याला पसंत पडली नाही. हिंदुस्थानचं राज्य महालातून चालावं, पेढीवरून नाही, असं त्यावेळी लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाने त्याची बाजू घेत लिहून ठेवलंय. कॅप्टन चार्ल्स वायट या इंजिनियरने केडलस्टनचा प्लॅन समोर ठेवून १७९९ ते १८०३ मध्ये घर उभं केलं. म्हणजे लॉर्ड कर्झन जन्मायच्या अर्धशतक आधी! नक्कल म्हटली तरी आंधळी नाही हं, तिकडे दगड, इकडे वीट आणि वरून गिलावा, तिकडे अलाबास्टरचे खांब, इकडे प्लास्टरचे, पण चारही बाजूंचे पंख, म्हणजे मुख्य घराला जोडलेले बाजूचे भाग, पसरलेले असल्यामुळे वारा खेळता राहतो, उकाड्यात हे डोकं चालवलेलंच म्हणायचं. खर्च साठ हजार पौंडांच्या वर गेला, लंडनचे डायरेक्टर भडकले, लढायांचं बिलही वाढतच होतं, शेवटी १८०५ मध्ये साहेबांना परत बोलावलं.

त्या लढायांसाठीच मी हे लिहायला बसलो खरं तर. घर पूर्ण झालं १८०३ ला, आणि त्याच वर्षी या वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर आपल्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांवर चालून आला. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक गेलं, बालासोर गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाडही गेलं, तो निजामाच्या वाट्याला. तुम्ही घर कर्झनच्या नावावर चढवलं की हे १८०३ साल गोष्टीतून गळून पडतं, त्याच्यासोबत भोसलेही, आणि नागपूरच्या पेपरात ते गळावेत याचं मला वाईट वाटतं.

कर्झन आला १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून, आणि आपल्याच घराच्या नकलेत राहिला, एवढाच त्याचा संबंध. पण गंमत बघा, याच कर्झनने १९०२ मध्ये निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं, ज्याची राजधानी नागपूर. १८०३ मध्ये या नकलेतून हुकूम सुटला तेव्हा वऱ्हाड नागपूरपासून तुटलं, आणि बरोबर शंभर वर्षांनी मूळ घरच्या वारसाने ते परत नागपूरच्या दप्तरात आणलं. अर्थात इंग्रजांच्या सोयीसाठी, आपल्या प्रेमाखातर नाही.

तेव्हा दुरुस्ती छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नाही, पुरवणीतच. आणि फोटोही बदला, केडलस्टन म्हणून जो लावलाय तो कलकत्त्याचा आहे. केडलस्टनला चार पंख काढायचे ठरले होते पण बांधले दोनच. तुमच्या फोटोत मी भिंग लावून मोजले, चार आहेत.

आपला,
एक जुना वाचक, धरमपेठ, नागपूर