नगरविकास मंत्री साहेबांना खुलं पत्र : महापौर इंग्रजांकडून घेतला, आयुक्त कुठून आला?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलं होतं. कुणी पडू नये म्हणून लोकांनी त्यात झाडाची फांदी खोचली, वर लाल पिशवी बांधली. फांदी वाळली की दुसरी यायची, झाकण काही आलं नाही. वॉर्ड ऑफिसात गेलं की "वर कळवलंय". आधी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता यायचं, पण तेव्हा नगरसेवकच नव्हता. मुंबई पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक व्हायला जवळपास चार वर्षं गेली. ओबीसी आरक्षणाची केस, प्रभाग रचना, सगळं मान्य. पण त्या काळात आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव त्यांनीच पाठवायचा आणि खर्च मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या स्थायी समितीच्या जागी बसून मंजूरही त्यांनीच करायचा, बजेटसकट.

आता तुम्ही म्हणाल कायदाच तसा आहे. बरोबर, आणि तो कायदा १८८८ चा आहे साहेब, म्हणून थोडं मागे जातो.

१८६५ मध्ये इंग्रजांनी मुंबईत त्यांच्या देशातल्यासारखे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद न्यायाधीश बसवले, सगळे सरकारने नेमलेले, आणि कारभार एका कमिशनरच्या हातात दिला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, तोच क्रॉफर्ड मार्केटवाला. माणूस कामाचा होता पण खर्चाला धरबंध नाही, १८७१ पर्यंत करदात्यांनी बोंब ठोकली. तेव्हा लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले तरुण फिरोजशहा मेहता उभे राहिले, आणि त्यांचं म्हणणं इंग्रजांच्याच घरचं होतं, की जो कर भरतो त्याचा प्रतिनिधी हिशेब विचारणार. १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार मूठभर श्रीमंत, ते सोडा, दार तर उघडलं. १८८२ मध्ये व्हाइसरॉय रिपनने देशभर हेच धोरण केलं. त्याला स्थानिक कारभार म्हणजे लोकांच्या राजकीय शिक्षणाची शाळा वाटायची.

पण गंमत बघा, इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यापासून शहराचा कारभार निवडून आलेली कौन्सिल कमिट्यांमार्फत चालवायची, टाऊन क्लार्क हा कौन्सिलने नेमलेला नोकर. आपल्याकडे महापौर आला, १९३१ पासून नावसुद्धा तेच, पण अंमलबजावणीची सगळी ताकद सरकारने पाठवलेल्या आयुक्ताकडे. म्हणजे इंग्रजांनी घरी जे चालवलं त्यातलं अर्धंच इथे उतरवलं, कारण उघड आहे, नेटिवांच्या हातात तिजोरी द्यायची नव्हती. (खुद्द मेहतांनाही एकहाती कमिशनर चालत होता हे खरं, पण त्यांची अट होती की डोक्यावर निवडलेली सभा हवी. ती अट आपण चार वर्षं खुंटीला टांगली.) इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, बाकी अर्धं आपण का नाही आणलं? १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर आणि त्याच्या नगरसेवकांच्या मंडळाकडे कारभार, आणलं होतं, ते वर्षभरात गुंडाळलं.

मला एकदम सगळं बदलून नकोय. दोनच गोष्टी करा. आयुक्त आणि प्रशासक एकच माणूस असणार नाही, एवढी एक ओळ कायद्यात घाला. आणि घटनेत बरखास्त पालिकेची निवडणूक घ्यायला सहा महिन्यांची मर्यादा आहेच, तशीच मुदत संपलेल्या पालिकेच्या प्रशासकालाही घाला, त्यापुढे तो कोट्यवधींची टेंडरं काढू शकणार नाही असं करा. पक्ष कुठलाही असो, प्रशासक सगळ्याच सरकारांना सोयीचा पडतो हे आम्हाला कळतं, तरी मागतोय.

झाकण बसलं बरं का, निवडणुकीच्या तोंडावर. फांदी अजून तिथेच भिंतीला टेकवून ठेवलीये, कुणी टाकत नाही.

आपला,
कर वेळेवर भरणारा एक मुंबईकर