क्रेऑनचा क्रम चुकला

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक शोकांतिकांवरचा लेख वाचला. 'सारे आधीच ठरलेले असते, माणूस नियतीच्या हातचे बाहुले' हेच या नाटकांचे सार, असे लेखकाने ठासून लिहिले आहे आणि पुरावा म्हणून सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'चे नाव घेतले आहे. नाव घेण्याआधी नाटक पुन्हा उघडून पाहायला हवे होते.

थीब्ज शहराचा राजा क्रेऑन शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत पुरायला बंदी करतो; त्याची बहीण अँटिगनी ती मोडते आणि तिला मृत्युदंड फर्मावला जातो. त्यानंतर क्रेऑनला सावरायला किती वेळा संधी मिळते ते पाहा. मुलगा हेमॉन, अँटिगनीचा नियोजित वर, आदराने समजावतो: पुराच्या काठची वाकणारी झाडे तगतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. शहरात लोक दबक्या आवाजात त्या मुलीची बाजू घेताहेत, हेही सांगतो. क्रेऑन फक्त शिक्षेची रीत बदलतो. दगडांनी ठेचून मारण्याऐवजी अँटिगनीला गुहेत जिवंत कोंडायचे आणि जवळ थोडे अन्न ठेवायचे, म्हणजे पाप शहराला लागणार नाही! सत्ताधारी स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, ते इथे लख्ख दिसते.

मग आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस येतो आणि अपशकुन सांगतो. वेदीवर अग्नी पेटत नाही, चरबी नुसती वितळून धुमसते, कारण पक्षी आणि कुत्री उघड्या प्रेताचे मांस वेदींपर्यंत आणताहेत. चूक कोणाचीही होते, ती सुधारणारा मूर्ख नव्हे, असे तो सरळ सांगतो. क्रेऑन त्याच्यावरच पैसे खाल्ल्याचा आरोप करतो.

शेवटी घाबरून क्रेऑन कोरसला, म्हणजे नाटकातल्या नगरज्येष्ठांच्या समूहाला, विचारतो, काय करू? उत्तर क्रमासकट मिळते: आधी मुलीला बाहेर काढ, मग मृताला थडगे दे, आणि लवकर. क्रेऑन नेमके उलट करतो. आधी प्रेताचे उरलेले अवशेष धुणे, ताज्या तोडलेल्या फांद्यांवर दहन, वर मातीचा उंच ढिगारा, आणि त्यानंतर गुहा. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, तीच तो स्वतःच्या कुशीत खुपसतो. बातमी ऐकून राणी युरिडिसीही जीव देते.

अँटिगनीच्या घराण्यावरचा जुना शाप कोरसला आठवतो, हे मान्य. पण क्रेऑनला कोणत्याही देववाणीने हे करायला लावलेले नाही. तो शहराचे भले पाहणारा माणूस आहे आणि ऐकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिथेही नियतीच शिकवली, तर न ऐकणाऱ्या प्रत्येकाला आयती पळवाट मिळते.

आणखी एक. 'जिथे सोफोक्लीजची नाटके झाली' अशा ओळीसह छापलेले छायाचित्र हेरोडिस अ‍ॅटिकसच्या ओडिऑनचे, म्हणजे संगीतगृहाचे, आहे. ते इ. स. १६१ च्या सुमाराचे, रोमन काळातले बांधकाम. सोफोक्लीज वारला इ. स. पू. ४०६ मध्ये. त्याची नाटके व्हायची ती अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीच्या त्याच दक्षिण उतारावर, थोडे पूर्वेला असलेल्या डायोनिससच्या नाट्यगृहात. निदान छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

एक वाचक, सातारा