केंद्रशाळेमागे परिचारिका हवी

महोदय,

कोकणात डोंगरउतारावरच्या वाड्यांतून वीस-पंचवीस पटाच्या शाळा पुष्कळ. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या २०२१च्या निकषांनुसार तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळे त्यातच. मग प्रथमोपचार पेटीतली मुदत संपलेली औषधे बदलायला काय उरणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते. एरवी सारा भार शिक्षकांवर.

लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, तीही पोषण आहाराची खिचडी पोटात गेल्यावर द्यायची असते. उपाशीपोटी दिली की मळमळते. एक पोर ओकले की पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग तोंड फिरवतो. जंताची गोळी चावून खायला हवी, लहानग्यांच्या घशात अडकू शकते. पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून डब्यात भरून ठेवल्या, तर त्या ओल धरतात. ही देखरेख प्रशिक्षित हाताची आहे, शिक्षकांचा यात काही दोष नाही.

दर केंद्रशाळेमागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेमागे, एक परिचारिका नेमावी, तिने पंधरवड्याला गटातल्या प्रत्येक शाळेत फेरी मारावी. तिचा पगार आणि प्रवासभत्ता शिक्षण खाते देणार की आरोग्य खाते, हे अंदाजपत्रकातच स्पष्ट लिहावे.

– शालेय आरोग्याशी संबंधित काही वाचक, रत्नागिरी