कासवांचा हंगाम ३१ मार्चला संपत नाही

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मंडणगड तालुक्यातले वेळास आपल्याला ठाऊक आहेच. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसे काढून नेत, उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात, गावातल्या घरांतच उतरतात.

पाहुण्यांना दिसतो तो घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यानंतरचा अर्धा तास. त्यामागचे काम मी एकदा एका कासवमित्राबरोबर, म्हणजे घरटी राखणाऱ्याबरोबर, पहाटे चालून पाहिले. वाळूवर ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा कासवाच्या मादीचा माग होता. त्याने काठी हलकेच टोचत भुसभुशीत जागा शोधली आणि गुडघे टेकून हातांनी वाळू काढली. एकेक अंडे मोजून, जराही न फिरवता बादलीत ठेवले. शंभराच्या वर भरली. घरट्यातली ओलसर वाळूही सोबत घेतली. मग जाळीच्या कुंपणात तसाच, तोंडाला अरुंद आणि तळाला फुगीर खड्डा केला. हे झाले एका घरट्याचे. उद्या पुन्हा पहाटे किनारा आहेच.

हे नोव्हेंबरपासून मेपर्यंत चालते. अंड्यांतून पिल्ले यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, म्हणजे मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांची राखण एप्रिल-मेपर्यंत करावी लागते. सरकारचे आर्थिक वर्ष मात्र भर हंगामात, ३१ मार्चला संपते.

म्हणून विनंती अशी, की कासवमित्रांच्या मानधनाची तरतूद आर्थिक वर्षाला नव्हे, हंगामाला बांधावी. कोकणातल्या प्रत्येक घरटी-किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते मेचा पूर्ण निधी ऑक्टोबरातच मंजूर व्हावा. त्यात कुंपणाची जाळी, बॅटऱ्या आणि कासवमित्रांचा विमा असावा, आणि मानधन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा व्हावे.

हे राज्याला अवघड नाही. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना याच महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. कासव वाचवताना मच्छीमाराच्या पदराला खार लागू नये, हे सरकारने तेव्हा ओळखले. मग किनाऱ्यावर रात्री जागवणाऱ्याला वेगळा न्याय का?

नोव्हेंबरात पहिली मादी वाळूवर येईल. त्याआधी आदेश निघावा.

आपली,
वेळासला दरवर्षी जाणारी एक नागरिक