जळगावच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

चोपडा तालुक्यातली माझी आई शौचावाटे रक्त पडते हे कित्येक महिने लाजेपोटी कोणाजवळ बोलली नाही. बोलली तेव्हा एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून मलम मिळाले आणि आणखी तीन महिने गेले. बायोप्सीत गुदद्वाराचा कर्करोग निघाल्यावर आम्ही एमआरआयसाठी आपल्याकडे आलो, तेव्हा शौचासाठी पोटावर लावतात त्या पिशवीबद्दल तिचे एकच म्हणणे होते, "माले ती पिशवी नको."

रिपोर्ट पाकिटात घालून देण्याऐवजी आपण आम्हाला पडद्यासमोर बसवलेत. गाठ चार सेंटिमीटरची, म्हणजे दोन ते पाचच्या दरम्यानची, दुसऱ्या टप्प्यातली आहे, योनीमार्गापर्यंत पोचलेली नाही आणि जांघेतल्या गाठीही साध्याच दिसतात, हे बोट ठेवून दाखवलेत. या आजारात पहिला उपचार सहसा शस्त्रक्रिया नसून किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी असतो, हे आम्हाला प्रथम आपल्याकडून कळले. नाशिकला तिला 28 वेळा किरण दिले. त्या दिवसांतली कातडीची आग तिची तिलाच ठाऊक.

मात्र खरे आभार मानायचे आहेत ते दुसऱ्या एमआरआयचे. उपचार संपून सहा आठवडे झाले तरी गाठीच्या जागी काहीतरी उरलेले दिसत होते आणि नातेवाइकांनी "आता कापूनच टाका" असा धोशा लावला होता. आपण जुने आणि नवे चित्र शेजारी लावलेत. आधीचा राखाडी गोळा निम्म्याहून लहान झाला होता आणि त्याच्या कडेने काळी रेघ धरू लागली होती. तो काळा भाग व्रणाचा, राखाडी उरलेला भाग अजून विरघळतो आहे, ही गाठ सावकाश जाते आणि उपचार सुरू झाल्यापासून 26 आठवड्यांपर्यंत थांबून मगच निकाल द्यायचा असतो, असे आपण सांगितलेत. गाठ वाढत नसताना घाईने तपासणीसाठी तुकडा काढला तर किरणांनी भाजलेली ती जागा सहजी भरून येत नाही, हेही बजावलेत. कर्करोगाच्या डॉक्टरांशी आपण आमच्यासमोरच फोनवर बोललात, त्यांचेही मत तेच पडले.

सव्विसाव्या आठवड्याच्या चित्रात फक्त काळी रेघ होती. डॉक्टरांच्या बोटांनाही काही लागले नाही. पिशवी लागली नाही.

पुढची तपासणी जानेवारीत आहे. तेव्हा भरिताची वांगी ऐन भरात असतील आणि आई ती स्वतः घेऊन येणार आहे. कृपया नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा