चौघांत न्यायचं गोड

द हेग, नेदरलँड्स
12 एप्रिल

ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, की वहिनीच्या भिशीला या खेपेला सगळ्याजणी मिसळीला जमणार आहेत, तर त्यावर गोड काय करावं? आणि मी इकडे चार लोकांत जाताना काय नेते? फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, आणि मापं तर नुसती ऐकून लक्षात राहतच नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की वहिनीला दे.

इथलं जमणं आपल्यासारखं पंगतीचं नसतं. कुणाचा वाढदिवस असला तर बैठकीच्या खोलीत गोल खुर्च्या मांडतात, आल्या आल्या कॉफी आणि केकचा तुकडा हातात देतात. बशी मांडीवर, कप हातात, आणि शेजारच्याशी गप्पा. अशा ठिकाणी गळणारं, चिकट, दोन्ही हात लागतील असं काही नेलं की लोक संकोचतात. आपल्याकडचे बरेच जण गुलाबजाम नेतात. ते संपतातही, पण पाक गालिच्यावर सांडेल या धास्तीने यजमानीण अर्धी होते. पुरणपोळी तर मी घराबाहेर नेतच नाही. ती तव्यावरून ताटात यावी, वर तुपाची धार पडावी आणि लगेच खावी. उकडीच्या मोदकांचंही तसंच. ते कुणाला खाऊ घालायचे असतील तर मी माणसांना घरी बोलावते.

बाहेर न्यायचं गोड आदल्या दिवशी करून ठेवता आलं पाहिजे, तिथे गेल्यावर गरम करायला कुणाचं स्वयंपाकघर अडवायला नको, आणि खोलीतल्या प्रत्येकाला खाता आलं पाहिजे. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या इमारतीत मोरोक्कोचे, तुर्कस्तानचे लोक आहेत, ते मुसलमान, म्हणून जिलेटिन (जनावरांच्या, पुष्कळदा डुकराच्या कातडी-हाडांतून काढतात ते) घातलेल्या मिठाया खात नाहीत. कुणाला अंडं चालत नाही, कुणाला शेंगदाण्याने घसा सुजतो. आपलं घरचं गोड म्हणजे तूप, दूध, साखर, रवा, नारळ. त्याला अंडं लागत नाही, जिलेटिन लागत नाही. सगळ्यांच्या हातात एकच वाटी देता येते, याचा मला फार आनंद होतो, आई.

पहिली पसंती श्रीखंडाला. इथे चक्का जवळजवळ तयारच मिळतो. क्वार्क म्हणतात त्याला. दुधाला विरजण लावून पाणी काढलेलं, अर्ध्या किलोच्या डब्यात, कोणत्याही दुकानात. त्यात सायीचा आणि बिनसायीचा असे दोन प्रकार येतात. श्रीखंडाला सायीचाच घ्यायचा. बिनसायीचा तोंडात पिठूळ लागतो. तरी तो जरा सैल असतोच, म्हणून मी रात्री तो मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर ठेवते. चाळणीखाली पातेलं, गाठोड्यावर बशी, बशीवर डाळीचा डबा, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. सकाळी पातेल्यात हिरवट पाणी साठलेलं असतं आणि फडक्यावर कापडाची वीण उमटलेला घट्ट गोळा. बोटाने दाबला तर खळगा तसाच राहतो. तेवढा घट्ट झाला की काम झालं.

अर्धा किलो चक्क्याला मी साडेतीनशे ग्रॅम साखर घालते. तू बरोबरीने घालतेस ते तुझ्या दह्याला बरोबरच आहे, त्याला आंबटपणा असतो. क्वार्कला तेवढा नसतो, मग बरोबरीच्या साखरेने नुसतं गोडमिट्ट होतं. साखर मिसळून दोन तास झाकून ठेवायची, ती विरघळली की चाळणीतून डावाच्या पाठीने घासून काढायचं. केशर कोमट दुधात भिजवून, वेलची आणि जायफळ अगदी शेवटी. माझं तर मत झालंय, की बाहेरच्या लोकांसाठी करताना साखरेत हात आखडला तर चालतो, वेलचीत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजींना पहिल्यांदा वाटी दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, आमची आई असंच करायची. इथे जुन्या घरांतून दही किंवा ताक फडक्यात टांगून घट्ट करायची पद्धत होती, हांगऑप म्हणतात. त्यावर साखर आणि फळं घालून खातात. जायफळाने मात्र त्या चकित झाल्या. डच लोक जायफळ उकडलेल्या फ्लॉवरवर किसून घालतात, गोडात त्यांनी ते असं खाल्लं नव्हतं. आता त्या स्वतः घट्ट दह्यात जायफळ किसतात आणि मला जिन्यात थांबवून सांगतात.

या 27 तारखेला इथल्या राजाचा वाढदिवस आहे. राजघराणं ओरान्ये-नासाऊ, आणि ओरान्ये म्हणजे नारिंगी, म्हणून त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतो. लोक घरातल्या जुन्या वस्तू फुटपाथवर मांडून विकतात, मुलं घरी केलेले केक विकतात. बेकरीत टॉमपूस नावाची क्रीमची चौकोनी पेस्ट्री मिळते. एरवी तिच्यावर गुलाबी साखरेचा थर असतो, त्या दिवशी नारिंगी. आमच्या गल्लीत सगळे मिळून टेबलं मांडतात, आणि मी केशर जरा सढळ हाताने घालून श्रीखंड नेणार आहे. त्यात रंग घालायची गरजच नाही.

आणि त्यात आपली द्राक्षं! फेब्रुवारीपासून इथल्या दुकानांत हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांच्या पेट्या येतात, भारताचं नाव छापलेल्या. न्हावाशेवाहून थंड कंटेनरमधून रॉटरडॅमला येतात. निफाड-दिंडोरीकडच्या बागांतला माल नाशिकच्या आपल्या घरावरून जाऊन मला इथे भेटतो, असं मनात येतं आणि मी भाव न बघता पेटी उचलते. द्राक्षं उभी चिरून, फडक्यावर कोरडी करून, वाढायच्या आधी दहा मिनिटं श्रीखंडात घालायची. आधी घातली तर पाणी सुटतं.

वहिनीसाठी मी हेच सुचवेन. मिसळीचा काळा मसाला आणि तर्री जिभेवर असताना मऊ, थंड आणि किंचित आंबट काहीतरी लागतं. मिसळीबरोबर जिलेबी खायची आपल्याकडे पद्धत आहे हे मला माहीत आहे, आणि ती बाहेरून आणली की प्रश्नच मिटतो. पण भिशीच्या बायका घरी येणार, तर घरचं हवं. बारा जणींसाठी दोन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावायला सांग, त्याचा चक्का 700 ग्रॅमच्या आसपास निघेल. त्यात अर्धा किलो साखर, म्हणजे प्रत्येकीला 100 ग्रॅमची वाटी सहज होईल. दही घरी लावायला वेळ नसेल तर दहीपुलावरून आणू दे, पण ताजं, आंबट नको. एप्रिलच्या उन्हात टांगलेला चक्का बाहेर ठेवायचा नाही, फार आंबतो. माझ्यासारखा फ्रीजमध्येच ठेवायचा. आणि वाढताना परातीत बर्फ घालून त्यात छोट्या स्टीलच्या वाट्या मांडायच्या. पातेल्यातून डावाने वाढण्यापेक्षा हे फार बरं. ज्या त्या बाईने आपली वाटी उचलावी आणि गप्पा चालू राहाव्यात.

दुसरं म्हणजे राजगिऱ्याचे लाडू. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण त्यांना उपवासाच्या डब्यात टाकून विसरतो. इथे शाळेत मुलाचा वाढदिवस असला की त्याने सगळ्या वर्गाला खाऊ द्यायचा अशी प्रथा आहे, आणि शाळा सांगते की फार गोड नको, शेंगदाणे नकोत. युरोपात अन्न विकताना चौदा पदार्थ सांगावेच लागतात, ज्यांची लोकांना ॲलर्जी असते: गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, तीळ वगैरे. घरच्या खाऊला हा नियम नाही, पण त्यामुळे सगळ्यांना विचारायची सवय आहे, आणि ती चांगली आहे. राजगिरा, गूळ, वेलची, संपलं. त्या चौदांपैकी एकही नाही. तूपसुद्धा मी काढून टाकलं आणि हाताला खोबरेल लावलं. लाह्या इथे सेंद्रिय मालाच्या दुकानात तयार मिळतात.

दोन वाट्या लाह्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ. गुळात चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ठेवायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते लहान आणि दाट होतात, आणि रंग मधासारखा गडद होतो. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला आणि त्याची बोटांत गोळी झाली की लगेच गॅस बंद. लाह्या ओतायच्या आणि दोन डावांनी खालीवर करायच्या, दाबायच्या नाहीत. मग भराभर वळायचे, चटका सोसेल तितके गरम असतानाच. सुरुवातीचे दोन-चार गोल होतात, पुढचे मिश्रण निवत जातं तसे खडबडीत. मुलांना खडबडीतच आवडतात. लेकीच्या वर्गातली एक मुलगी गहू खाऊ शकत नाही. तिला नेहमी तिच्या आईने दिलेलं वेगळं बिस्किट मिळतं. त्या दिवशी तिने सगळ्यांबरोबर तोच लाडू खाल्ला. मला त्या दिवसापासून हे लाडू फार मोलाचे वाटतात.

(बाबांना मात्र गुळाचा आहे म्हणून जास्त देऊ नकोस. रक्तातली साखर गुळानेही तशीच वाढते. अर्धा लाडू, जेवणानंतर.)

रव्या-नारळाचे लाडू तुझ्याच मापाने करते: दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी ओलं खोबरं, दीड वाटी साखर, पाऊण वाटी पाणी आणि पाक एकतारी. रवा इथे ग्रीसमेल नावाने मिळतो; लोक त्याची दुधातली खीर घट्ट करून लाल बेरीफळांच्या रसाबरोबर खातात, त्यामुळे चव त्यांच्या ओळखीची असते. ओलं खोबरं गोठवलेलं, टोकोत मिळतं. टोको म्हणजे मूळ इंडोनेशियाच्या मालाची दुकानं, पण आता त्यांत आपलंही पुष्कळ असतं. ओल्या खोबऱ्याचे लाडू नाशिकच्या उन्हाळ्यात टिकणार नाहीत, तेव्हा वहिनीने हे थंडीसाठी ठेवावेत.

तूप घरीच कढवते. अडीचशे ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याचं साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. बेरी तपकिरी होईपर्यंत थांबते आणि ती बेरी साखर घालून लेकीला देते, तू मला द्यायचीस तशी.

बाकीचा किराणा मी पॉल क्रूगरलानवरून आणते. त्या रस्त्यावर सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत. त्यांचे पूर्वज 1873 पासून कलकत्त्याहून जहाजाने सुरिनामला मळ्यांत कामाला गेले, आणि 1975 ला तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण इकडे आले. आज त्यांच्या घरी पूजेला परसाद करतात. तूप, दूध, साखर, बेदाणे. आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचा सख्खा भाऊ. दुकानातल्या काकूंना मी माझे रवालाडू दिले, तेव्हा त्यांनी परसादाचा डबा भरून दिला. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्यांच्याकडेही पाळतात. दीडशे वर्षं आणि दोन स्थलांतरं झाली तरी ती रीत सुटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

कॉफीबरोबर न्यायचं असेल तर शंकरपाळी. दूध, साखर, तूप वाटी-वाटी आणि मावेल तेवढा मैदा, यापलीकडे काही सांगायला नको. त्या कुठेही जातात.

वहिनीला आणखी एक सांग. जे काही करेल, त्याच्याजवळ एक चिठ्ठी ठेवू दे, आत काय आहे त्याची. आपल्याकडे कुणी ॲलर्जी वगैरे बोलून दाखवत नाही, पण कुणाचा उपवास असतो, कुणी डायबिटीसला जपत असतं, कुणाला दूध पचत नाही, आणि पाहुणीला चारचौघींत विचारायची लाज वाटते. चिठ्ठी असली की ती न विचारता ठरवू शकते. भिशीला नवीन आलेल्या बाईला याने खूप मोकळं वाटेल. पुढच्या वर्षी सिंहस्थाला आपल्याकडे पाहुण्यांची रीघ लागेल, तेव्हाही उपयोग होईल.

दादा मे महिन्यात येतोय ना, त्याच्याबरोबर चारोळी पाठव, इथली खवट निघते. आणि जुन्या पुरणयंत्राची बारीक जाळी वापरात नसेल तर तीही दे. चाळणीतून दोन किलो श्रीखंड घासून माझं मनगट भरून येतं. आजीच्या खोबऱ्याच्या वड्यांना दूध किती, साय किती, ते कागदावर लिहून त्याच्याच हाती दे. फोनवर सांगू नकोस.

बाबांना सा. न., दादा-वहिनीला नमस्कार. भिशी झाली की वहिनीला फोटो पाठवायला सांग, वाट्यांचे आणि बायकांचेही.

तुझी,
लेक